गव्हाणीतला वरवंटा

आमच्या सासूबाईंना रिकामी जागा बघवत नाही. फ्रिजचा कप्पा रिकामा दिसला की त्यात भोपळा येतो, भिंतीवर खिळा मोकळा दिसला की त्यावर कॅलेंडर. कलावतीबाईंचं वय एकोणऐंशी. कल्याणच्या आमच्या बिल्डिंगमधल्या निम्म्या पोरांच्या अंगाला पहिलं तेल त्यांनी लावलेलं. ती पोरं आता बापाहून उंच झाली, तरी जिन्यात गाठून ह्या सांगणार, "तुझी टाळू भरायला मला दोन महिने लागले रे!" शेजारी त्याची मैत्रीण उभी असली तर जरा मोठ्यानेच.

त्यामुळे माझ्या लेकीला, ऐश्वर्याला, ठाण्यात मुलगा झाला त्या दिवशी सासूबाईंनी जवळजवळ पदरच खोचला. पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी. पण डॉक्टर घोडबंदरचे, घर घोडबंदरला, म्हणून ऐश्वर्या तिथेच राहिली आणि मी ये-जा करू लागले. सासूबाईंनी पणतवासाठी पिवळी कुंची शिवली, वावडिंग निवडलं. मग ऐश्वर्याचा फोन आला.

"आई, आजीला सांग ना, मालिश नको, धुरी नको, टाळूवर तेल नको. डॉक्टर नाही म्हणालेत. नुसतं भेटायला ये म्हणावं."

फोन स्पीकरवर होता. ती माझी चूक.

"नुसतं?" सासूबाई म्हणाल्या. "नुसतं भेटायला मी काय पाव्हणी आहे? जिथे माझं काम नाही तिथे मी जात नाही."

झालं. तीन आठवडे गेले. पणतू त्यांनी पाहिला तो मोबाइलवर, आणि पाहिला की म्हणायच्या, "नाकाला आकार दिलेला नाही कोणी." मग आत जाऊन पाट्यावर चटणी वाटायच्या. त्या दिवसांत आमच्या घरी इतकी चटणी झाली की मी ती शेजारी वाटत सुटले. मला त्यांचा राग यायचा आणि कीवही. पण कीव केलेली त्यांना कळली असती तर त्या चिडल्या असत्या, म्हणून मी रागावरच भागवलं.

तळमजल्यावर लुर्दीन रिबेलो राहायला आल्या होत्या. मूळच्या वसईच्या, पोस्टातून रिटायर झालेल्या, काटेकोर बाई. डिसेंबर लागला तसा त्यांनी जिन्याखाली, मीटरच्या पेट्यांशेजारी, नाताळचा गोठा मांडला. गवत, गाय, गाढव, मेंढपाळ, दाढीवाला योसेफ, निळ्या पदराची मरिया, आणि मधोमध गव्हाण. सासूबाई रोज भाजी आणायला जाता-येता तिथे थांबायच्या. एका संध्याकाळी वर आल्या त्या हादरूनच.

"विनिता, त्या गव्हाणीत बाळ नाही. कोणीतरी पळवलं! पाच दिवस बघतेय मी. बाळंतीण बाई रिकाम्या पाळण्याकडे बघत बसलीय."

"लुर्दीन मावशींना विचारा ना."

"त्या बिचारीला काय सांगायचं? जीव धसकेल."

मला त्याच वेळी संशय यायला हवा होता. आमच्याकडे रिकामा पाळणा अशुभ. बारशाला बाळाआधी वरवंटा ठेवतात पाळण्यात, टोपडं-झबलं घालून. तर दुसऱ्या दिवशी सकाळी चटणी वाटायला गेले, वरवंटा गायब. आणि दहाच मिनिटांत दारात लुर्दीन मावशी, दोन्ही हातांत पिवळी कुंची घातलेला आमचा काळा वरवंटा धरून.

"हा तुमचाच ना?" त्या म्हणाल्या. "ह्या बिल्डिंगमध्ये पाटा-वरवंट्याचा आवाज फक्त तुमच्याकडून येतो."

मी तोंडाला पदर लावायला वळले आणि लक्षात आलं, मी ड्रेस घातलाय.

"रिकामी होती म्हणून ठेवला," सासूबाई म्हणाल्या. घरात त्या चूक कधी कबूल करत नाहीत, तिथे पाहुण्यांपुढे कुठून करणार.

"रिकामी मी ठेवली आहे! बाळ माझ्या कपाटात आहे, कापसात. चोवीस तारखेला संध्याकाळी, चर्चमधल्या मिस्साहून, प्रार्थनेहून, आल्यावर ठेवायचं असतं. तोपर्यंत आगमनकाळ, चार आठवडे वाट बघायची. जागा करून ठेवायची."

"चार आठवडे?"

"चार आठवडे."

सासूबाईंना हे पटणं शक्यच नव्हतं. त्यांनी मावशींना बसवलं, चहा टाकायला मला पिटाळलं आणि खटला उभा केला. "बरं, बाळ उशिरा येऊ दे. पण बाळंतिणीचं काय? थंडीचे दिवस, गोठ्यात पडलेली. शेक नाही, शेगडी नाही. आणि आले कोण? सगळे पुरुष! ते तीन राजे आले, सोनं आणलं म्हणे. डिंकाचा एक लाडू आणला का कोणी?"

"ऊद आणला होता," मावशी जरा दबून म्हणाल्या.

"तेवढं बरं केलं. धुरीला झाला असेल."

लुर्दीन मावशी हसायला लागल्या त्या थांबेनात. मग डोळे पुसता पुसता त्यांनी कुंची सोडवली, उलटीसुलटी करून बघितली. "हाताची शिलाई आहे. आणि नवी कोरी. कोणासाठी शिवली होती हो?"

सासूबाई वरवंटा उचलून पदराने पुसायला लागल्या. मीच सगळं सांगून टाकलं, 'नुसतं'सकट.

मावशी थोडा वेळ कुंचीच्या नाड्या सारख्या करत बसल्या. "कलावतीबाई, रागावू नका. मला दरवर्षी ह्या गोठ्याचं नवल वाटतं. देवाला यायचंच होतं तर काहीतरी मोठं काम काढून आला असता. पण आला तो असा, की स्वतःची मानसुद्धा सावरता येत नाही. पुढे तीस वर्षं जगाने नावसुद्धा ऐकलं नाही त्याचं. आला, आणि आपल्यात राहिला, एवढंच. नाताळ म्हणजे तेवढंच हो. देव नुसता भेटायला आला."

"नुसता?" सासूबाईंनी विचारलं.

"नुसता. आणि ते मेंढपाळ. त्यांना कुठे काय येत होतं? आले, बघितलं, बसले."

"मेंढपाळांना टाळू भरता येत नसेल," सासूबाई म्हणाल्या. पण त्या दिवशी चटणी वाटली नाही.

चोवीसला संध्याकाळी आठच्या सुमारास मावशी मिस्साहून आल्या. जिन्याखाली आम्ही पंधरावीस जण जमलो होतो. मावशींनी डबा उघडला आणि बाळ पायाला धरून बाहेर काढलं.

"मान! मान धरा!" सासूबाई ओरडल्या.

"अहो, प्लास्टरचा आहे."

"असू दे."

मावशींनी बाळ त्यांच्याच हातात दिलं. सासूबाईंनी आधी तळवे एकमेकांवर घासून ऊन केले, मग मानेखाली बोटं घालून घेतलं. ठेवायला वाकल्या, आणि ठेवेनात. मागे शेजारचे हरिहरकाका घड्याळ बघत खाकरले तरी नाही. तेल नाही, न्हाऊ घालणं नाही, त्या इवल्याशा पुतळ्याला करण्यासारखं काहीच नव्हतं. ह्या बाईला मी एकतीस वर्षांत रिकामं उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं.

सकाळी त्या साडी बदलून तयार. "रिक्षा सांग. ठाण्याला जायचंय."

रिक्षा कोनगावच्या ट्रॅफिकमध्ये पाऊण तास अडकली, आणि तो पाऊण तास मी मनातल्या मनात ऐश्वर्याची समजूत घालत होते: आजी काहीही बोलली तरी उलटून बोलू नकोस, वयाकडे बघ.

ऐश्वर्याने दार उघडलं. तिचाही चेहरा वादाला तयार होता. सासूबाईंनी हातपाय धुतले, पलंगावर मांडी घातली आणि म्हणाल्या, "दे."

बाळ मांडीवर आलं. उघडं डोकं, नाक जसं होतं तसंच, खोलीत एसी. सासूबाईंनी ते सगळं पाहिलं. त्यांच्या नजरेतून काय सुटणार? ओठ एकदा हलले. मग मिटले. बाळाने त्यांचं बोट धरलं आणि ते झोपी गेलं, आणि त्या बसून राहिल्या, एक तास, नुसत्या.

"आजी," ऐश्वर्या घाबरून म्हणाली, "बरं वाटत नाहीये का तुला?"

"बरं वाटतंय," सासूबाई म्हणाल्या.