सरला आजीची चूल

कोलकात्यात सॉल्ट लेकला राहणाऱ्या, नववीतल्या आभाची गोष्ट तिथल्या मराठी मंडळाच्या अंकातून दोनदा साभार परत आली होती. यंदा काहीही करून छापून आणायचीच, असं तिनं ठरवलं. म्हणून पहिलंच वाक्य तिनं इंग्रजी अक्षरांत इन्स्टाग्रामवर टाकलं: ‘Sarla aajichi chul petli.’ पुढे आगीचं चित्र, आणि ‘आता काय व्हावं?’

“गोष्ट तुझी, मग लोकांना कशाला विचारतेस?” आई म्हणाली.

“हल्ली फॉलोअर्सच ठरवतात गं.”

“मग गोष्टीखाली नावही त्यांचंच घालू या.”

तासाभरात दोनशे कमेंट! ‘पाणी ओता!’, ‘बंब बोलवा!’, ‘बिचारी आजी!’ नुसती चूल पेटल्यावर एवढा गहजब? आभाला कळेना. पण दोनशे माणसं चुकतील कशी? तिनं बंब आणला, आजीच्या डोक्यावर धो धो पाणी ओतलं आणि गोष्ट पाठवून दिली.

मग लोक एवढे का घाबरले, हे विचारायला तिनं वर्गातल्या श्रीजिताला फोन केला.

“अगो पागली, आमच्या बंगालीत चूल म्हणजे केस!” श्रीजिता हसत सुटली. “तुझ्या आजीचे केस पेटले ना?”

आभाचा चेहरा पडला. तेवढ्यात अंकाचे संपादक प्रभाकरकाका फोनवर हजर.

“आभा, बाईनं चूल पेटवली. मग तिच्या डोक्यावर पाणी का?”

“काका, ते... लोकांनी सांगितलं.”

“कुठल्या लोकांनी? हे बघ, अंक छापायला निघालाय. पाच मिनिटांत कारण सांग, नाहीतर तुझ्या जागी मानसीची कविता घेतो.”

आभानं घाईघाईनं पोस्ट टाकली, ‘बंब का आला?’ चार मिनिटं गेली. एक हसरा चेहरा आणि कुणाची तरी बिर्याणीची जाहिरात, बास! केसांत आता कुणाला रस नव्हता.

तिनं फोन पालथा ठेवला. खरंच, का आला असेल बंब? ते पहिल्यांदाच तिला स्वतःलाच जाणून घ्यावंसं वाटलं. मग तिनं काकांना फोन लावला.

“काका, लिहून घ्या. बंबवाल्यांना महिनाभर कुणी बोलावलंच नव्हतं. धूर दिसला तसे ते हौसेनं धावत आले. आजी नको नको म्हणत मध्ये आली, म्हणून भिजली.”

पलीकडे काका खोकल्यासारखं हसले. “छापतो! हे कुणी सुचवलं?”

“कुणीच नाही.”

“बरं, मग आजीनं काय केलं त्या बंबवाल्यांचं?”

“मलाही माहीत नाही,” आभा वही ओढत म्हणाली. “थांबा, लिहून बघते.”