सीमंतिनीचं नाक

...तिळाएवढं काहीतरी हललं आणि दगडाच्या भोकात शिरलं. ओल्या वर्तमानपत्रावर तो दगड मातीसकट आणलेल्या सुरणासारखा पडला होता, अंगावर जांभळं शेवाळ. यशोधनने तो दोन्ही तळव्यांवर उचलून सीमंतिनीच्या तोंडाशी आणला, तो इतक्या जपून, की लग्नाला तीस वर्षं झाली तरी तिच्यापुढे चहाचा कपसुद्धा कधी असा आला नव्हता.

"घे बरं वास."

तिने घेतला. मीठ, ओली वाळू. "चांगला आहे."

दौलतगंजातल्या या दुकानातून दगड दर्पण कॉलनीतल्या त्यांच्या टाकीत जाणार होते. खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी, पाणी गार राहावं म्हणून चोवीस तास ए.सी. या जिवंत दगडांच्या भोकाभोकांत राहणारे जंतू पाणी साफ ठेवतात; पण वाटेत आतून मेलेला एखादा टाकीत गेला, तर दोन दिवसांत पाणी नासतं आणि मासे उलटे तरंगतात. डोळ्यांना ते कळत नाही, नाकाला कळतं. आणि यशोधनचं नाक कोरोनात गेलं ते गेलंच.

त्याचं. तिचं नव्हे... पण तेव्हा हे कुणाला ठाऊक होतं? दोघंही नुकतीच आजारातून उठलेली, मागच्या खोलीत तिची आई, इंदुताई, अंथरुणाला खिळलेली, कूलरच्या दमट झोतात — ए.सी. माशांचा — आणि एका सकाळी चादर बदलताना आईच्या पाठीखालून तिला वास आला. गोडसर, सडका. डॉक्टरांना बोलवा, ती म्हणाली. यशोधन आला, वाकला, चांगला छाती भरून श्वास घेतला त्याने. "कुठे आहे वास? तुझं नाक बिघडलंय, सीमा. कोरोनानंतर होतात असे भास, मी वाचलंय." अकरा दिवस ती सांगत राहिली, अकरा दिवस तो वाचलेलं ऐकवत राहिला. बाराव्या दिवशी हॉस्पिटलात आईच्या पाठीवरची चिघळलेली जखम उघडी केल्यावर नर्सने तोंड फिरवलं. आई गेली. मग महिन्याभराने गॅस उघडा राहिला आणि हा शेजारीच निवांत पेपर वाचत बसलेला सापडला, तेव्हा कळलं, नाक कोणाचं गेलं होतं. त्यावर एक शब्द नाही. फक्त दूध, भाजी, माशांचं खाणं, सगळं तिच्या नाकाशी यायला लागलं.

आणि मी? मला फोन लावता येत नव्हता? अकरा दिवस मी त्याच्या नाकावर विश्वास ठेवला...

"सर, ये वाला देखिए," दुकानदार विक्रमसिंहने दुसरा दगड पुढे केला. "आज सुबह ही आया है."

हा जास्त देखणा होता. तिने नाक जवळ नेलं आणि झटकन मागे घेतलं. तोच वास. गोडसर...

"नको. आतून सडलाय."

यशोधनने तत्काळ हात आखडला. "नहीं भाई, ये तो मरा हुआ है. मैडम की नाक कभी धोखा नहीं देती."

कभी! तिची कानशिलं तापली. एका शब्दावर दगड बाजूला झाला, एका शब्दावर. का, कसं, भास तर नाही ना, काही नाही. आणि आईच्या वेळी अकरा दिवस!

"हा बघ," तो म्हणाला. तिसरा दगड. शाळकरी पोर निकालाकडे बघतं तसा तो तिच्याकडे बघत होता.

सीमंतिनी वाकली. नाक अगदी दगडाला टेकवलं, आणि श्वास घेतलाच नाही.

"चांगला आहे," ती म्हणाली. "घ्या."

"नक्की?"

"म्हटलं ना."

त्याने घेतला. ऑटोत दगडांची पिशवी तिच्या मांडीवर होती, तोंडाला गाठ मारलेली. शेजारी यशोधन कुठला दगड कुठे बसवायचा ते खुशीत सांगत होता. माशांचा काय दोष, तिच्या मनात आलं. गाठ सोडून एकदा हुंगलं तर अजूनही कळेल. पण न हुंगता म्हणणं किती सोपं गेलं... त्यालाही तेव्हा, कळत नसताना 'वास नाही' म्हणणं असंच सोपं गेलं असणार. या विचाराने तिला क्षणभर हलकं वाटलं आणि मग स्वतःचीच भीती वाटली. ऑटो महाराज बाड्याच्या चौकाला वळसा घालून पुढे गेला, तरी तिने गाठ सोडली नाही, की गाठीवरचा हात काढला नाही.