पट्टी सोडण्याचा प्रसंग

पडद्यावरच्या डॉक्टरने आंधळ्या नायिकेच्या पट्टीला हात घातला, तशी नागरत्नम खुर्चीवरून उठली. शेजारी बसलेल्या मरियम्माने, तिच्याच वॉर्डातल्या आयाने, तिचा पदर ओढला. "अक्का, आत्ता कुठं रंगात आलंय."

"तू बघ. मी बाहेर मिरचीभजी खाते."

तेनालीत सिनेमाचं वेड कुणाला नाही? नागरत्नमला ते अंमळ जास्तच. जत्रेत हरवलेले जुळे भाऊ, सूड घेणारी नागीण, एका बुक्कीत दहाजणांना लोळवणारा नायक, सगळं ती टाळ्या पिटत बघे. पण पट्टी सुटते, डोळे हळूहळू उघडतात आणि समोर नेमका नायक दिसतो, हे मात्र तिला सोसवत नसे. डोळ्यांच्या इस्पितळात नर्स म्हणून एकोणतीस वर्षं ती स्वतः पट्ट्या सोडत आली होती. पट्टी सुटूनही अंधारातच राहिलेल्या एका पोरीने तिला विचारलं होतं, माझ्या नवसात काय कमी पडलं? तेव्हापासून असा प्रसंग आला की ती उठायची.

त्यानंतरच्या सोमवारी मंगळगिरीच्या सांबय्या विणकराची पट्टी सोडायची होती. एक डोळा काचबिंदूने आधीच गेलेला. दुसऱ्याचाही उपयोग नाही, असं शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी जावयाला स्पष्ट सांगितलं होतं, पण म्हाताऱ्याला सांगायचा धीर घरात कुणालाच झाला नाही. तो तर नवस बोलून बसला होता, आणि लेकीला, अनसूयेला, त्याने समोर उभं राहायला फर्मावलं होतं. पहिलं तोंड तिचंच दिसायला हवं, सिनेमात असतं तसं. खाटेभोवती पंधरा नातेवाईक जमले होते. कुणीतरी हारही आणला होता.

नागरत्नमने अनसूयेखेरीज सगळ्यांना बाहेर काढलं. मग खाटेवर बसून तिने म्हाताऱ्याचे हात हातात घेतले.

"सांबय्यागारू, पट्टी मी सोडते. पण आधी खरं सांगते. दिसणार नाही."

सांबय्याने हात सोडवून घेतले नाहीत.

"सिनेमात तर दिसतं, अम्मा."

"सिनेमा तिथं संपतो. तुम्हाला उद्या सकाळी उठायचंय."

म्हाताऱ्याने मान हलवली. "मग सोड."

पट्टी सुटली. खिडकीच्या बाजूला जरा फटफटल्यासारखं वाटतंय, एवढंच तो म्हणाला. आपल्या नवसाबद्दल त्याने काही विचारलं नाही. दारात तसराळं घेऊन उभी असलेली मरियम्मा सिनेमातून अर्ध्यात उठणाऱ्या नागरत्नमकडे पहिल्यांदाच नीट बघत होती. अनसूया पदरात तोंड खुपसून हुंदके देत होती.

नागरत्नमने समजूत काढली नाही. तिने पेला आणि पाण्याचा तांब्या आणून सांबय्याच्या हाती दिले. बोट पेल्याच्या आत धरायचं, पाणी बोटाला लागलं की थांबायचं, असं तिने शिकवलं. पहिल्यांदा सगळं चादरीवर सांडलं. दुसऱ्यांदा निम्मं. तिसऱ्यांदा पेला नीट भरला. सांबय्याने हुंदक्यांचा कानोसा घेतला आणि त्या रोखाने तो लेकीपुढे धरला.