कोपराची उंची

"बाबा, हलू नका. श्वास घेतलात तरी चालेल, फक्त खांदे पाडा," लेक म्हणाली आणि टेप घेऊन तात्यांच्या खुर्चीशेजारी गुडघ्यांवर बसली.

तात्यांचे खांदे आधीच पडलेले होते. नोकरीतून सुटल्यापासून बरंचसं आपोआपच पडत आलं होतं, त्यामुळे मुद्दाम आणखी काय पाडायचं ते त्यांना कळेना. लेकीनं टेपचं एक टोक जमिनीला टेकवलं, दुसरं त्यांच्या कोपरापर्यंत आणलं आणि भिंतीकडच्या जुन्या टेबलाकडे बघून नुसतीच मान हलवली.

"कोपर इथं आणि टेबल तिथं. एवढ्या उंचीवर लोक बरण्या ठेवतात, हात नाही."

"चांगलं जाड लाकडाचं दार आहे ते," तात्या म्हणाले.

"दारच ना? मग त्यातून जायचं-यायचं असतं. त्याच्यावर संसार मांडायचा नसतो."

ते खरोखरच दार होतं. जुनं घर सोडताना तात्यांनी ते मोडीत जाऊ दिलं नव्हतं. दोन पत्र्याच्या ट्रंकांवर आडवं टाकून त्याचं टेबल केलं होतं. कडीच्या भोकातून अँटेनाची वायर वर यायची, बिजागऱ्यांच्या बाजूला संदेश पाठवायचा-घ्यायचा रेडिओ, त्याच्यावर वीजपुरवठ्याचा डबा, आणि मोर्सच्या टिंब-रेघा पाठवायचा खटका जागा उरली तिथं, म्हणजे अगदी कडेला, स्क्रूनं बसवलेला. गुडघे घालायला जागाच नव्हती. तात्या तिरके बसायचे आणि कोपर हवेत धरून खटका दाबायचे. जन्मभर पाणीपुरवठा खात्यात नळांचे नकाशे काढलेल्या माणसानं स्वतःच्या बसण्याचा नकाशा मात्र कधी काढला नव्हता.

"सांग, सांग," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. "माझी पांघरुणं त्या ट्रंकांत कोंडली आहेत. दर थंडीत म्हणतात, आज काढतो. थंडी जाते, हे तिथंच."

दोघींच्या माऱ्यात गप्प बसणं तात्यांना चांगलं जमायचं. आणि खरं सांगायचं तर बोलायला तोंडही उरलं नव्हतं. मागच्या महिन्यात चहाचा कप त्यांच्या हातातून पडला, तेव्हा बोटांना पत्ताच नव्हता; कप पडल्याचं आधी कानांना कळलं. डॉक्टरांनी मान दाबून बघितली, खांदा फिरवून बघितला आणि सांगितलं, शीर दबते आहे. बसणं तरी बदला, नाहीतर ते कडकट्ट बंद करा. पुढे पुढे बोटं ऐकणार नाहीत.

कडकट्ट बंद करणं म्हणजे दिवेवाल्याला सोडणं.

दिवेवाला म्हणजे लांबच्या एका किनाऱ्यावरचा म्हातारा. उमेदीत दीपगृहावर कामाला होता, आता एकटा असतो. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं. उन्हं उतरायला लागली, रेडिओवर लांबचे आवाज यायला लागले, की दोघं आपापल्या खटक्यावर येत आणि टिंबं नि रेघा करत गुडघेदुखीपासून देवाच्या अस्तित्वापर्यंत सगळं बोलून टाकत. अलीकडे दिवेवाल्याची नजर गेली होती. "दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा," त्यानंच कळवलं होतं.

या छंदातल्या लोकांत एक शब्द आहे, हात. जसं अक्षर, तसा हात. कुणाची रेघ लांबते, कुणाची टिंबं एकमेकांवर चढतात. दिवेवाल्याचा हात जड होता, प्रत्येक शब्दानंतर थांबायचा, जिना चढणारा माणूस वळणावर थांबतो तसा. आणि तात्यांचा हात लंगडायचा. रेघ सुरू व्हायची आणि शेवटी जरा अडखळायची, पाय मुरगळल्यासारखी. म्हणून दिवेवाला त्यांना लंगड्या म्हणायचा. "काय लंगड्या, आहेस का?" हीच रोजची सुरुवात. दुसरी एक खोड होती. चूक झाली की आठ टिंबं पाठवायची आणि शब्द पुन्हा पाठवायचा, असा नियम आहे. तात्या चुकले की गडबडून जायचे आणि मोजायचेच नाहीत, टिंबं सांडतच राहायचे. "पडल्या गारा पत्र्यावर," दिवेवाला म्हणायचा.

"नाव काय, कुणीही सांगेल," तो एकदा म्हणाला होता. "हात चोरता येत नाही."

नवं टेबल आलं. पाय वरखाली होणारं, खाली मोकळं. लेक फिजिओथेरपिस्ट, दिवसभर लोकांच्या माना सरळ करून यायची आणि सुट्टीच्या दिवशी बापाची. तिनं आधी खुर्ची बसवली, मग खुर्चीवर बाप, मग बापाच्या मापानं टेबल. खटका कडेवरून उचलून चांगला आत नेला, म्हणजे सगळा हात कोपरापर्यंत लाकडावर विसावेल. रेडिओला पुढून ठोकळे लावून त्याचं तोंड वर केलं, म्हणजे मान वाकवायला नको. सारखं लागणारं बटण डाव्या हाताशी आलं. क्वचित लागणारं सामान मागं गेलं. पायांखाली पाट आला.

"एवढा थाट तर आपल्या लग्नात नव्हता," बायको दारातून म्हणाली.

"आई, तू हसू नको, पुढचा नंबर तुझ्या ओट्याचा आहे."

"माझ्या ओट्याला हात लावशील तर बघ."

तात्या नव्या खुर्चीत बसले. हात टेबलावर ठेवला आणि तो तिथंच राहिला. त्याला धरून ठेवावं लागेना. कितीतरी दिवसांनी अंगातली एक जागा दुखत नव्हती, आणि ती जागा इतकी मोकळी वाटली की त्यांना तिथं काय ठेवावं कळेना. बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागला.

संध्याकाळी हेडफोन चढवून त्यांनी दिवेवाल्याला हाक घातली. खटका लोण्यातून सुरी जावी तसा चालला. दिवेवाल्याचं उत्तर आलं, जड, थांबत थांबत.

"कोण?"

तात्यांनी स्वतःची खूण, म्हणजे कॉल साइन, पुन्हा पाठवली. मीच, असंही पाठवलं.

"खूण त्याची आहे," दिवेवाल्यानं कळवलं. "हात त्याचा नाही. त्याचा रेडिओ कुणी घेतला? तो बरा आहे ना?"

तात्यांनी घाईघाईनं टेबलाचं सांगायला घेतलं, पण दिवेवाला निघून गेला होता. नुसती खरखर राहिली. त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले. त्याला वाटलं असणार, आपण गेलो आणि पोराबाळांनी सामान विकून टाकलं. तिकडे तो एकटा, डोळ्यांपुढे अंधार, आणि मनात हे.

"झालं का तुमचं?" बायकोनं विचारलं. रोज याच वेळी विचारायची.

"झालं," तात्या म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी लंगडायचा प्रयत्न केला. रेघेच्या शेवटी मुद्दाम अडखळायचं. नाटकात म्हातारा झालेला पोऱ्या कमरेवर हात ठेवून चालतो तसं ते वाटत होतं. दिवेवाल्यानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"नक्कल बरी आहे," तो म्हणाला. "म्हाताऱ्या माणसाची चेष्टा करू नये." आणि गेला.

मग तिसऱ्या दिवशी बायको बाजारात गेली तेव्हा तात्या गॅलरीत गेले. नवं टेबल आल्यापासून जुनं दार तिथं भिंतीला टेकून उभं होतं, दारासारखं. त्यांनी ते दोन स्टुलांवर आडवं घालायचा घाट घातला. दार हललं, तात्याही हलले, आणि बायको पिशवी घेऊन परत आली तेव्हा ते अर्धवट वाकून, दाराचा भार खांद्यावर घेऊन तसेच उभे होते, ना खाली ठेवता येत होतं ना वर.

"अहो, काय चाललंय हे?"

"तो ओळखत नाही मला."

बायकोनं पिशवी ठेवली, दाराचं दुसरं टोक धरलं आणि दोघांनी ते परत भिंतीला लावलं. तात्यांनी उजवा हात चोळला. तेवढ्यातच बोटांना मुंग्या आल्या होत्या.

"पाण्याचा पेला धरता येत नाही आणि दार धरायला निघालेत," ती म्हणाली. "त्याला सांगा की सरळ."

"काय सांगू?"

"दुखत होतं म्हणून. लेकीला तरी कुठं सांगितलंत तुम्ही? डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा कळलं आम्हाला."

तात्यांना वाटलं, यात सांगण्यासारखं काय आहे. दुखणं काय, सगळ्यांनाच असतं. पण दुसरं काही सुचतही नव्हतं.

त्या संध्याकाळी ते नव्या टेबलाशी बसले. पाय पाटावर, कोपर लाकडावर, जसं लेकीनं बसवलं होतं तसं. मुद्दाम लंगडले नाहीत. हात जसा चालला तसा चालू दिला. "जाऊ नको," त्यांनी पाठवलं. "माझं टेबल बदललं आहे. आधी कोपर हवेत असायचं. खांदा दुखायचा. रेघ धरवायची नाही, म्हणून शेवटी अडखळायची. ते लंगडणं म्हणजे..."

पुढचा शब्द चुकला. तात्या गडबडले. आठ टिंबं पाठवायची, पण ते मोजायचं राहिलं आणि टिंबं सांडतच गेली, सांडतच गेली. थांबावं हेही लक्षात येईना.

"थांब," पलीकडून आलं. "थांब, थांब."

तात्या थांबले.

"गारा ओळखल्या," दिवेवाल्यानं पाठवलं. "नीट चालायला लागलास, पण पडतोस मात्र तसाच. लंगड्या, तूच आहेस."

तात्यांनी नुसतं "हो" पाठवलं.

दिवेवाल्याचा जड हात हळूहळू जिना चढू लागला. "म्हणजे इतकी वर्षं तुला दुखत होतं, आणि मला वाटायचं ती तुझी ऐट आहे. मी ती ऐकत बसायचो. चांगली वाटायची."

"लंगडणं दुखण्याचं आहे, हे मलाही माहीत नव्हतं."

"आता बरं आहे?"

"बरं आहे."

दिवेवाला प्रत्येक शब्दानंतर थांबत होता, आणि तात्या आज प्रथमच ते थांबणं वेगळ्या कानांनी ऐकत होते. वळणावर थांबलेला माणूस धाप टाकत असतो, हे त्यांना आजवर का सुचलं नव्हतं कोण जाणे.

"तू कसा बसतोस?" त्यांनी विचारलं.

"खाटेवर. खटका खिडकीच्या फळीवर आहे. शब्द झाला की हात खाली घ्यावा लागतो. जरा वेळ मांडीवर ठेवतो. मग पुन्हा वर." थोड्या वेळानं आलं, "मापं सांगशील का टेबलाची? शेजारी सुतार आहे. त्याला सांगतो."

तात्यांचा हात खटक्यावर तसाच राहिला. मापं सांगितली की सुतार टेबल करणार. टेबल झालं की तो जिना जाणार, ती वळणं जाणार, आणि एखाद्या संध्याकाळी कुणीतरी सरळ, सफाईदार हातानं त्यांना हाक घालेल, आणि ते विचारतील, कोण? या हाताशिवाय दिवेवाल्याचं त्यांच्याकडे दुसरं काय होतं? चेहरा नव्हता. आवाजसुद्धा नव्हता.

"आहेस का?" पलीकडून आलं. थांबत, थांबत.

तात्या उठले. ड्रॉवरमधून टेप काढली. खाली वाकणं जड गेलं. एक हात खुर्चीला धरून त्यांनी टोक जमिनीला टेकवलं आणि टेबलाच्या कडेपर्यंत ताणलं. परत बसून, खांदे पाडून, ते सांगू लागले. आधी तुझं कोपर मोज. बसून मोज, खाटेवर नको, खुर्चीवर. खांदे पाडून. कुणाला तरी मोजायला सांग. टेबल त्याच उंचीचं. खटका आत, कडेला नको, सगळा हात लाकडावर विसावला पाहिजे.

एका आकड्यात चूक झाली आणि गारा पडल्या. पलीकडून कुणी हसल्यासारखी दोन-चार टिंबं आली.

"झालं का तुमचं?" बायकोनं आतून विचारलं.

"नाही अजून," तात्या म्हणाले. "खुर्चीचं राहिलंय."