धान्याच्या कोठारांचं चित्र

हॅम्बर्गच्या अमेरिका हाउसमध्ये, म्हणजे तिथल्या अमेरिकन सांस्कृतिक केंद्रात, दोन महायुद्धांच्या मधल्या काळातली अमेरिकन चित्रं लागली, ते १९५८ साल. मुंबईत चित्रकला शिकलेल्या सुलेखानं नवऱ्याला, यशवंतला, प्रयोगशाळेतून ओढूनच आणलं. घरमालक लूडर्स आणि त्यांची बायको गेर्डा हेही सोबत आले.

शेवटच्या दालनात सुलेखा थबकली. भिंतभर एकच चित्र. धान्याची पांढरीशुभ्र, गोल कोठारं थेट आभाळात घुसलेली. माणूस औषधालाही नाही. कोपऱ्यात एवढासा राष्ट्रध्वज. देश म्हटला की साडी नेसलेली आई काढायची, एवढंच तिला ठाऊक. इथे देश म्हणजे नुसतं सिमेंट, आणि तरी तिच्या अंगावर काटा आला.

पाटी वाचून यशवंत हसला. "अगं, कोठारांच्या मालकानंच पैसे देऊन काढवून घेतलंय हे. देशभक्ती कसली, जाहिरात आहे!"

"असेल. पण अहो, तो उजेड बघा ना. पैसे मोजून असा उजेड पडतो का?"

मागे लूडर्सनी डोक्यावरची टोपी काढली होती. ते अमेरिकेत युद्धकैदी होते हे सगळ्यांना माहीत होतं. पण विषय निघाला की ते खोलीतून उठून जात.

"आमचे पुढारी आम्हाला सांगायचे, अमेरिका आतून पोकळ आहे," चित्रावरची नजर न हलवता ते बोलू लागले. "कैदी म्हणून आगगाडीत बसवलं. सकाळी खिडकीतून अशी कोठारं दिसली. एक गाव गेलं, दुसरं गेलं, कोठारं संपेचनात. युद्ध हरलो, हे मला तिथेच कळलं."

"मला कधी सांगितलं नाहीस," गेर्डा म्हणाली.

"काय बोलणार? तुम्ही इथे उपाशी. आणि मला तिथे..." त्यांनी हातातली टोपी छातीशी धरली. "मला आनंद झाला होता गं. जगात एवढं धान्य आहे, याचाच. शत्रूचं होतं, तरीही."

यशवंतच्या चेहऱ्यावरचं हसू कधीच मावळलं होतं. सुलेखाला वाटलं, कोठारांच्या मालकानं पैसे कशासाठीही दिले असोत, चित्रकाराच्या छातीत हाच आनंद दाटून आला असणार.

गेर्डा बाकावर बसली, नवऱ्याला हाताला धरून शेजारी बसवलं. "आता सगळं सांग," ती म्हणाली.