दोन बोटं

सासूबाई पस्तीस किलोवर अडकल्या होत्या आणि त्यांच्यापायी मी जिममध्ये अडकले होते.

हाडं ठिसूळ व्हायला लागलीत, वजनं उचलायला शिका, असं त्यांना डॉक्टर म्हणाले होते. असं सांगितलेली माणसं एक तर ऐकत नाहीत, किंवा आठवडाभर ऐकतात. सासूबाईंनी ते इतकं मनावर घेतलं की साठी उलटल्यावर त्या बाकावर उताण्या पडून छातीवरून रॉड वर ढकलायला लागल्या. हा व्यायाम एकट्याने करायचा नसतो. हात भरून आले आणि रॉड गळ्यावर आला तर संपलंच. म्हणून डोक्यामागे कोणीतरी सपोर्टला उभं राहायचं असतं. ते कोणीतरी म्हणजे मी. "तू दुकानातून त्याच रस्त्याने येतेस ना," असं नवरा म्हणाला. तोही त्याच रस्त्याने येतो, पण हे त्याला कोणी म्हटलं नाही.

सुरुवातीला वजन भराभर वाढलं आणि पस्तीसला येऊन घोडं अडलं. महिने गेले. पस्तीस वर जायचे, पण त्यावर काहीही चढवलं की रॉड छातीपासून वीतभर उठायचा आणि तिथेच थांबायचा. सासूबाईंचा चेहरा लालबुंद व्हायचा, मी रॉड उचलून स्टँडवर ठेवायचे, आणि त्या म्हणायच्या, "थांब गं, दम खाते. परत बघू." मग परत तेच. ट्रेनरने एकदा सुचवलं, "काकू, थोडे दिवस वजन उतरवा. हलकं उचला, शरीराला उसंत द्या, मग आपोआप वाढेल." सासूबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्या पोराने आपणहून विषय बदलला. उतरायचं म्हणजे हरायचं, हे त्यांचं गणित. त्यात धाकट्या बहिणीला, म्हणजे आमच्या मावशींना, त्यांनी फोनवर सांगून टाकलं होतं की जिमच्या वार्षिक स्पर्धेत मी चाळीस उचलणार. मावशी म्हणाल्या होत्या, "ताई, मी डोळ्यांनी बघेन तेव्हाच मानेन."

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दिवसभर उभं राहून एकच प्रश्न विचारायचा, हे स्पष्ट दिसतंय की हे? काही जण आधी बाकड्यावर बसून तक्त्यावरची अक्षरं पाठ करतात आणि खुर्चीत बसल्यावर घडाघडा म्हणून दाखवतात. मी लगेच ओळखते आणि तक्ता बदलते. वर सुनावतेही, की मला फसवून काय मिळवणार, चष्मा तुमच्याच नाकावर बसणार आहे. दुकानात माझा या बाबतीत दरारा आहे.

त्या संध्याकाळी माझ्या टाचा ठणकत होत्या आणि पोटात कावळे ओरडत होते. सासूबाईंचा एक प्रयत्न फसला, दुसरा फसला, आणि तिसऱ्यांदा त्या बाकावर आडव्या झाल्या. रॉड खाली आला, वीतभर उठला, थांबला. मी दोन्ही हातांची दोन-दोन बोटं त्याच्याखाली घातली आणि किंचित, अगदी किंचित, उचलला. रॉड वर गेला.

सासूबाई उठून बसल्या. घामाने केस कपाळाला चिकटले होते आणि डोळ्यांत पाणी आलं होतं. "गेलं गं," त्या म्हणाल्या. "खरंच गेलं."

"गेलं की," मी म्हटलं. त्या क्षणी सांगितलं असतं तर ते हसण्यावारी गेलं असतं. पण मग आणखी एकदा दम खाणं आलं असतं आणि आणखी एकदा बाक. मी त्यांची बाटली उचलली आणि दाराकडे चालू लागले.

पुढच्या वेळी बोटं काढून घेता येईनात. काढली तर रॉड खाली बसणार, आणि त्या विचारणार, आज काय झालं? म्हणून थोडा टेकू, मग आणखी थोडा. असं करत करत सासूबाई चाळीसला पोचल्या. माझे खांदे रात्री दुखायचे, त्यावरूनच ते वरचे किलो कोण उचलतंय हे मला पुरेसं कळत होतं.

आणि कौतुक सुरू झालं. सासूबाई भेटेल त्याला सांगायच्या, हिने साथ दिली म्हणून जमलं. त्यांच्या फिरायला जाणाऱ्या मैत्रिणी रस्त्यात मला थांबवून म्हणायच्या, सून असावी तर अशी. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शिव्या खाल्ल्या असत्या तर पचल्या असत्या, पण हे पचत नव्हतं. नवऱ्यानेही एकदा जेवताना म्हटलं, "तुझे उपकार आहेत आईवर." मी त्याला भात वाढत राहिले, तो नको म्हणेपर्यंत.

मग ती मंगळवारची गोष्ट. रॉड निम्म्यावर असताना माझ्या खिशातला फोन थरथरला आणि सवयीने माझा उजवा हात तिकडे गेला. रॉड उजवीकडे झपकन कलला. मी घाईने पकडला, स्टँडवर ठेवला. सासूबाई उठून बसल्या. त्यांनी रॉडकडे बघितलं, मग स्वतःच्या उजव्या तळहाताकडे.

"माझा उजवा हात कच्चा दिसतोय," त्या म्हणाल्या.

"असेल," मी म्हटलं.

घरी येताना वाटेत त्यांनी विचारलं, "तुला काही बोलायचंय का?"

"नाही हो आई. दमलेय जरा."

त्यानंतर त्यांनी संध्याकाळचं जिम बंद केलं. स्पर्धेआधी विसावा हवा, म्हणाल्या. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि सुटल्यासारखं वाटलं याची पुन्हा लाज वाटली. दुपारी मात्र त्या कुठेतरी जायच्या. चपला बघून येते म्हणायच्या आणि रिकाम्या हाताने यायच्या. एरवी मी खोदून विचारलं असतं, पण मी माझ्याच चिंतेत बुडाले होते. स्पर्धेत सपोर्टच्या माणसाने रॉडला नुसतं बोट लावलं तरी उचल बाद होते. म्हणजे चाळीस किलो घेऊन सासूबाई बाकावर पडणार, वीतभर उचलणार, आणि मावशींसमोर, सगळ्या मैत्रिणींसमोर, ते वजन त्यांच्या छातीवर येऊन बसणार. आधी सांगणं एवढंच माझ्या हातात होतं. रोज सकाळी ठरवायचे की आज सांगायचं. रोज ओठांपर्यंत आलेलं मी चहाबरोबर गिळायचे.

आदल्या दिवशी त्या उद्याच्या कपड्यांना इस्त्री करत होत्या. मी दारात जाऊन उभी राहिले. त्यांनी मान वर केली. इस्त्री हातात तशीच धरून त्या माझ्याकडे बघत राहिल्या, कितीतरी वेळ.

"इस्त्री फार तापली नाही ना?" मी विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "बरोबर आहे."

स्पर्धेच्या सकाळी जिममधली यंत्रं भिंतीला सरकवून मधे खुर्च्या मांडल्या होत्या. रबराच्या चटयांचा वास होता, त्यात कोणीतरी फवारलेलं अत्तर. पुढच्या रांगेत मावशी, शेजारी माझा नवरा, मागे मैत्रिणींचं टोळकं. आता तरी, असं म्हणत मी सासूबाईंच्या मागे टेबलाशी गेले. तिथे ट्रेनर प्रत्येकाला किती उचलणार ते विचारून फळ्यावर खडूने लिहीत होता.

"आई, एक मिनिट, मला तुम्हाला..."

"छत्तीस," सासूबाई ट्रेनरला म्हणाल्या.

त्याने काही न विचारता छत्तीस लिहिलं.

मावशींनी फळा वाचला. "अगं ताई, चाळीस ना? फोनवर तर चाळीस होते."

"मोजायला चुकले मी," सासूबाई शांतपणे म्हणाल्या. "प्लेटांवरचे आकडे नीट दिसले नाहीत."

"घरात डोळे तपासणारी सून असून?" मावशी म्हणाल्या, आणि अख्खी रांग हसली. माझा नवराही हसला. मावशी पुढे म्हणाल्या, "मला वाटलंच होतं. हरभऱ्याच्या झाडावर चढायची तुझी लहानपणापासूनची सवय."

या बहिणीने हसू नये म्हणून सासूबाई महिनोन् महिने त्या बाकावर झिजल्या होत्या. आता त्या मान ताठ ठेवून ते हसू अंगावर घेत होत्या, आणि ज्या चुकीसाठी घेत होत्या ती माझी होती. मी बोलायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी चटईकडे बघत उभी राहिले.

त्यांचं नाव पुकारलं. त्या बाकावर आडव्या झाल्या, मी डोक्यामागे गेले. खालून माझ्याकडे बघत त्या मोठ्याने म्हणाल्या, "हात मागे बांध."

लोकांना वाटलं सासू गंमत करतेय. पुन्हा हशा पिकला. मी हात पाठीमागे नेले. ट्रेनर दोन पावलं पुढे सरकला आणि अडीअडचणीला पोचेल इतक्या अंतरावर थांबला.

रॉड खाली गेला, छातीला टेकला, उठला. वीतभर उठला आणि थांबला, नेहमीच्याच जागी. सासूबाईंच्या गळ्याच्या शिरा फुगल्या. पाठीमागे माझी बोटं एकमेकांना पिळत होती. मला खरंच वाटत होतं की हे वजन माझ्याशिवाय जाणार नाही, आणि त्याचीच सर्वांत जास्त लाज वाटते. रॉड तिथे थरथरत राहिला. मग उजवी बाजू आधी हलली. ती कच्ची म्हटलेली उजवी. तिच्यामागून डावी, आणि छत्तीस किलो वर गेले.

टाळ्या वाजल्या. ट्रेनर वेड्यासारखा नाचला. पस्तीसवरच्या एका किलोसाठी तो नाचतोय, हे मावशींना कळलं नाही.

कपडे बदलायच्या खोलीत त्या बाकड्यावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होत्या. मी दार लावून घेतलं.

"तुम्हाला कधी कळलं?"

"फोन आला तेव्हा."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून वाट बघत होते." त्यांनी एक बूट काढला. "दुपारी इथे यायचे. या ट्रेनर पोराने तीसवर उतरवलं मला. पहिल्या दिवशी मेली इतकी लाज वाटली, शेजारच्या मुली माझ्या दुप्पट उचलत होत्या. पण उतरले. मग एकेक चिमुकली प्लेट चढवत वर आले."

"मावशींना मी सांगते. आत्ता सांगते."

"नको. हसू दे तिला. छत्तीस तर माझे आहेत." मग त्यांनी माझा हात हातात घेतला आणि त्या दोन बोटांवरून अंगठा फिरवला. "आणि मी रागावले नाही बरं का. माझी धडपड तुला बघवली नसेल. मायेपोटी केलंस, कळतं मला."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ती मूठ त्यांनी स्वतःच्या हाताने झाकून मला दिली होती. नुसतं हो म्हणायचं होतं. नुसतं गप्प राहिलं तरी चाललं असतं, आणि त्यात मी एव्हाना तरबेज झाले होते.

"मायेपोटी नाही, आई," मी म्हटलं. "मला घरी जायची घाई होती. कंटाळा आला होता."

त्यांचा अंगठा थांबला. बाहेर मावशी फोटोसाठी हाका मारत होत्या. सासूबाईंनी माझा हात सोडला, हळूहळू दुसऱ्या बुटाची नाडी सोडवली, आणि दोन्ही बूट शेजारी शेजारी नीट ठेवले.

"मग तसं सांगायचंस ना," त्या म्हणाल्या. "निघालो असतो."