दोन परमिटं, एक पाटी

लोकांना वाटतं, वीज बटणातून येते. बटणामागे आम्ही असतो हे त्यांना वीज गेल्यावरच आठवतं, तेही शिव्या हासडताना. मोठ्या तारांवरून आलेली वीज आमच्या उपकेंद्रात उतरवायची आणि सहा फीडरांनी, म्हणजे सहा वेगवेगळ्या लाइनींनी, पुढं सोडायची. दवाखाना, पाण्याचे पंप, कारखाने, वस्त्या, सगळ्यांच्या नाड्या माझ्या पॅनेलवर. सव्वीस वर्षं ऑपरेटर आहे मी, आणि या गोष्टीचा मला चांगलाच माज होता.

नियम सोपा आहे. तारेवर काम करायचं तर लाइनमन माझ्याकडून परमिट घेतो. मी फीडर बंद करतो आणि ब्रेकरच्या, म्हणजे त्याच्या मोठ्या स्विचच्या, दांड्याला लाल पाटी अडकवतो. जितकी परमिटं, तितक्या पाट्या. परमिट परत आलं की त्याची पाटी निघते. दांडा मोकळा दिसेपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

पण सहापैकी पाच पाट्या तुटल्या होत्या. नव्या मागवून दीड वर्ष झालं, वरच्यांना कुणी विचारायचं? दोन परमिटं असली तरी पाटी एकच लावायची, दुसरं डोक्यात ठेवायचं, अशी आमची वहिवाट पडली होती.

त्या दिवशी पंपांच्या फीडरवर दोन टोळ्या होत्या. दुसऱ्या टोळीत माझा मेहुणा होता. धाकट्या बहिणीसाठी हे स्थळ मीच आणलं होतं. आमच्याच खात्यातला, जपून काम करणारा, म्हणून.

दुपारी पंपघरातून दर पाच मिनिटांनी फोन. टाक्या कोरड्या पडल्या, दवाखान्यात पाणी नाही, झोपलात काय? तेवढ्यात पहिल्या टोळीचा मुकादम परमिट परत करून गेला. मी पाटी काढली. दांडा मोकळा दिसला आणि सव्वीस वर्षांच्या सवयीनं हात आपसूक गेला. फीडर चालू झाला आणि क्षणात ट्रिप होऊन आपोआप बंद पडला.

मग मी रजिस्टर पाहिलं. दुसरं परमिट, मेहुण्याच्या नावाचं, माझ्याच अक्षरात तिथं होतं. खांबावर तोच होता.

चौकशीला आलेले साहेब सरळ बोलले. "मयतानं तारेला जमिनीशी जोडणारी अर्थिंगची साखळी लावली नव्हती. साखळी असती तर वाचला असता."

"साखळी त्याच्या पिशवीत घडी घालून होती साहेब. काम संपल्यावर शेवटी ती काढून उतरतात. तो उतरतच होता."

"तुम्ही पाहिलंत?"

"नाही."

"मग चूक मयताची, या अहवालावर सही करा. एक माणूस गेलाच आहे. दुसऱ्याला कशाला घालवू?"

मी सही केली. याची मला अजून किळस येते.

आठवड्यानं बहिणीकडे गेलो. भाची कोपऱ्यात तोंड फुगवून बसली होती, कोपराला पट्टी.

"शाळेत मारामारी केली बाईसाहेबांनी," बहीण म्हणाली. "कुणीतरी म्हणालं, तुझे बाबा स्वतःच्या चुकीनं गेले."

"खोटं बोलत होती ती!" भाची ओरडली.

बहिणीनं कार्यालयाचा कागद माझ्यापुढे धरला. "यात पण तेच लिहिलंय, दादा. पण हे तर घरातला बल्ब बदलताना मेन बंद करून दोनदा बघायचे. तू होतास ना तिथं? तूच सांग. दुसऱ्या कुणाचं मी ऐकणार नाही."

खरं ओठांपर्यंत आलं होतं. मग माझी बायको डोळ्यांपुढे आली, नोकरी आली, तुरुंग आला, आणि यापुढे या घराचं दार मला कधी उघडणार नाही हेही दिसलं. भित्रा माणूस किती भराभर हिशेब करतो!

"घाई झाली असेल गं त्याला," मी म्हणालो.

तिनं डोळे पुसले. कागदाची घडी घातली आणि पोरीला जवळ ओढलं.

"ऐकलंस? उद्या त्या मुलीची माफी मागायची. मामा सांगतोय म्हणजे बाबांचंच चुकलं असणार."